पिशवीत कोणत्या वेज ठेवायच्या? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत वेजचेच, म्हणजे गोल्फमध्ये जवळचे उंच फटके मारायच्या क्लबांचेच, प्रश्न जास्त आहेत, याचा मला फार आनंद झाला. एरवी लोक ड्रायव्हरबद्दल, म्हणजे सगळ्यांत लांब मारायच्या क्लबबद्दल, विचारतात. मी मडगावात क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, दुरुस्त करतो, ग्रिप बदलून देतो, लॉफ्ट, म्हणजे पात्याचा मागे झुकलेला कोन, मोजून हवा तसा वाकवून देतो. त्याआधी पुण्यात येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर कॅडी होतो. दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहताना एक गोष्ट पक्की कळली. माणूस ड्रायव्हरवर पैसे घालतो आणि डाव घालवतो तो शेवटच्या शंभर यार्डांत. म्हणून आजची सगळी जागा वेजसाठी.

प्रश्न : नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यावर गोल्फ सुरू केलं. मुलगा बंगळूरला असतो, त्याने नवा सेट घेऊन दिला. त्यात पाच ते नऊ नंबरचे आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचे क्लब, एक पिचिंग वेज आणि एक सँड वेज आहे. सँड वेजवर 56 लिहिलंय, पिचिंगवर नुसतं ‘पी’. सत्तर यार्डांपर्यंत बरं जमतं, शंभरच्या पुढेही अडत नाही. पण मधे ऐंशी-नव्वद यार्ड आले की हातात काय घ्यावं तेच समजत नाही. दुकानदार म्हणतो, 52 आणि 60 अशा दोन वेज घ्या. घेऊ का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : 60 आत्ता नकोच. 52 चाही निर्णय थोडा थांबवा. आधी तुमच्या त्या ‘पी’चा लॉफ्ट नेमका किती अंश आहे ते शोधा, कारण सगळं गणित तिथून सुरू होतं.

मी कॅडी होतो तेव्हा पिचिंग वेज म्हणजे 48 अंशांच्या आसपासची, हे गृहीतच असायचं. तिच्यानंतर 56 ची सँड वेज, की झालं. दोन क्लबांत आठ अंशांचा फरक, तो माणूस हाताने सांभाळून घ्यायचा. पुढे कंपन्यांनी आयर्नचे लॉफ्ट हळूहळू कमी केले. आताच्या आयर्नमध्ये वजन खाली आणि मागे असतं, त्यामुळे लॉफ्ट कमी असूनही बॉल उंच उडतो आणि लांबही जातो. ‘माझं सात नंबर दीडशे यार्ड जातं’ असं सांगता आलं की गिऱ्हाईक खूश. पण क्लबवरचा नंबर तोच राहिला आणि लॉफ्ट बदलला. आजची पिचिंग वेज ही जुन्या नऊ नंबरच्या आयर्नच्या जोडीला बसते. माझ्या यंत्रावर नव्या सेटची पिचिंग लावली की काटा बहुतेक वेळा 43 ते 45 च्या मधे थांबतो.

तुमची 44 ची आहे असं धरू. 44 आणि 56 मधे बारा अंशांचं अंतर पडलं. तुमचा ऐंशी-नव्वद यार्डांचा घोळ नेमका इथला आहे. तुमच्या हाताचा त्यात काही संबंध नाही. तिथे क्लबच नाही, तर हात काय करणार? बाराचा मध्य सहा, म्हणजे तुम्हाला 50 ची वेज हवी. 52 घेतलीत तर वर आठ अंश आणि खाली चार, म्हणजे एक दरी तशीच राहिली आणि दुसरीकडे दोन क्लब जवळजवळ सारखेच बॉल टाकायला लागले. 52 ही 48 आणि 56 च्या मधे बसायची. दुकानदार अजून त्या जुन्या हिशेबात आहे. तुमची पिचिंग 46 ची निघाली तर मात्र 51 किंवा 52 चालेल. लॉफ्टचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावापुढे दिलेला असतो. नाहीतर मडगावला येणं झालं की क्लब घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे.

कागदावरचं गणित झालं की मैदानावर तपासा. पिचिंगने दहा बॉल मारा, सँड वेजने दहा मारा, दोन्ही वेळा पूर्ण पण आरामशीर स्विंग ठेवून. प्रत्येकातले सगळ्यांत लांबचे दोन आणि सगळ्यांत आखूड दोन सोडून द्या. उरलेल्या सहांची सरासरी म्हणजे तुमचं खरं अंतर. लक्षात ठेवा, बॉल जिथे पडला तिथपर्यंत मोजायचं, जिथे थांबला तिथपर्यंत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बॉल टणक जमिनीवर पडून वीस पावलं पळतो आणि जुलैत पडल्या जागी रुततो. थांबलेल्या जागेवरून मोजलंत तर दर मोसमात वेगळं उत्तर येईल. तुमच्या पत्रावरून वाटतं, पिचिंग एकशे पाच आणि सँड वेज सत्तरच्या आसपास जात असावी. मधली 50 ची तुम्हाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी यार्डांवर नेऊन टाकेल. शेजारच्या दोन वेजमधे दहा ते पंधरा यार्डांचा फरक उत्तम. तुमचा सतरा-अठरा पडेल, तोही चालण्यासारखा आहे.

आता, 50 ची घ्यायची तर कुठली? माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या आयर्नच्याच सेटमधली घ्या. एखादी कंपनी तिच्यावर ‘ए’ कोरते, कोणी ‘जी’, कोणी ‘यू’, काम एकच. ही वेज तुम्ही बहुतेक वेळा पूर्ण स्विंगने मारणार. तेव्हा तोच शाफ्ट, म्हणजे दांडा, तोच तोल आणि पाठीमागून पोकळ असलेलं तेच चूक सांभाळून घेणारं पातं हाताला ओळखीचं लागतं. खास वेज म्हणून वेगळ्या विकतात त्या 56 च्या पुढे घ्याव्यात, जिथे पातं उघडून, अर्धा-पाव स्विंग करून, बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, खेळायचं असतं.

पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत हा नियम तुम्हाला माहीत असेलच. 1938 साली अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये तो आला, कारण त्याआधी काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे आणि कॅडीची पाठ मोडायची. आज एक क्लब जास्त निघाला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या खेळात, दर होलला दोन स्ट्रोकचा दंड, एका फेरीत जास्तीत जास्त चार. तुमच्या सेटमध्ये जागा भरपूर आहे, काही काढावं लागणार नाही. ज्यांची पिशवी भरलेली आहे त्यांनी लांबचा एखादा क्लब काढावा. चार नंबरचं आयर्न आपण गोव्यात किती वेळा मारतो? बाणावलीचा नऊ होलचा पिच-अँड-पट आणि मोबोरचा पार-3, म्हणजे तीन फटक्यांच्या छोट्या होलचा, कोर्स, दोन्हीकडे टीवरूनच, म्हणजे पहिल्याच फटक्याला, वेज नाहीतर छोटा आयर्न निघतो. काणकोणात राजबागला नऊ होल दोन टींवरून खेळता येतात, तिथे ड्रायव्हर लागतो, पण तिथेही ग्रीनजवळ, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवताजवळ, आल्यावरच स्कोअर ठरतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या अदिती अशोकचा ड्राइव्ह स्पर्धेतल्या सगळ्यांत आखूड ड्राइव्हपैकी होता. तरी ती चौथी आली, पदक एका स्ट्रोकने गेलं. जवळच्या खेळाने एवढं होऊ शकतं.

प्रश्न : दादा, मी वास्कोला कॉलेजात आहे. अमेरिकेचा नावाजलेला खेळाडू फिल मिकेलसन काही स्पर्धांत 64 ची वेज वापरायचा हे पाहिलं. माझ्याकडे 58 आहे. 64 घेतली तर बॉल पडल्या जागी थांबेल ना?
— एक विद्यार्थी, वास्को

उत्तर : थांबेल, पण आधी तो तिथपर्यंत पोचायला हवा. 64 चं पातं इतकं आडवं असतं की गवतात बॉल जरा वर बसलेला असला तर क्लब त्याच्या खालून निघून जातो आणि बॉल दोन यार्डांवर पडतो. मिकेलसनने त्या एका फटक्यावर आयुष्यभर मेहनत घेतली आहे. तू 58 चं पातं उघडून ठेव, मग ग्रिप धर. ग्रिप धरून मनगट वळवलंस तर पातं परत बंद होतं. एवढं जमलं की 58 मध्येच तुला 62-63 सापडेल. पैसे वाचव आणि त्यात सरावाचे बॉल घे.

प्रश्न : माझी सँड वेज 56 अंशांची आहे, शेजारी 14 कोरलंय. बंकरमधून ती सुरेख चालते. पावसाळ्यात ग्रीनच्या कडेलाही छान. पण मार्चनंतर ग्रीनजवळून छोटा फटका मारायला गेलं की पातं बॉलच्या पोटात लागतं आणि बॉल सरपटत ग्रीनच्या पलीकडे. शिकवणारे म्हणतात, तुम्ही मान वर उचलता. वर्षभर मान खाली ठेवून पाहिली. दोष माझ्यात आहे की वेजमध्ये?
— एक वाचक भगिनी, मडगाव

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. मान वर उचलायची सवय असती तर ती जुलैतही उचलली गेली असती. मोसम बदलला की फटका बिघडतो, म्हणजे बदलली ती जमीन. आणि जमिनीशी वेजचं जे नातं, ते त्या 14 मध्ये लिहिलेलं आहे.

तो बाउन्सचा आकडा. वेज सरळ जमिनीवर टेकवून बाजूने पाहा. पात्याची पुढची धार जमिनीपासून थोडी वर राहते आणि तळाचा मागचा फुगीर भाग टेकतो. त्या दोघांतला कोन म्हणजे बाउन्स. चार ते सहा म्हणजे कमी, सात ते दहा मध्यम, त्यापुढे जास्त. तुमची चौदा म्हणजे चांगलीच जास्त. घेताना लोक 56, 58, 60 एवढंच विचारतात, हा दुसरा आकडा कोणी विचारत नाही. माझ्या मते गोव्यात तो पहिल्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण आपली जमीन वर्षातून दोनदा पूर्ण बदलते.

हे तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. ओहोटीच्या वेळी पहाटे कोलव्याला नाहीतर बेताळभाटीला जा. बॉल नेऊ नका, फक्त वेज न्या. रापणकार जाळं ओढत असतील आणि लोक फिरत असतील त्यापासून बरंच लांब उभ्या राहा. आधी वर, माडांच्या बाजूला, जिथे मर्यादवेल पसरलेली असते तिथल्या कोरड्या भुसभुशीत वाळूत बोटाने एक रेघ ओढा आणि त्या रेघेवर छोटा स्विंग करा. तुमची वेज वाळूचा एक पातळ तुकडा उडवून सहज बाहेर येईल. तळाचा फुगीर भाग तिला खाली रुतू देत नाही. मग खाली पाण्याजवळ या, जिथे लाट नुकतीच मागे गेली आहे आणि वाळू पायाखाली फरशीसारखी लागते. तीच रेघ, तोच स्विंग. आता तळ वाळूवर आपटून वर उसळेल, आणि पुढची धार रेघेच्या वरून जाईल. रेघेच्या जागी बॉल असता तर धार त्याच्या पोटातच लागली असती. मे महिन्यात ग्रीनच्या कडेला तुमच्या बाबतीत हेच होतं. एखाद्या मैत्रिणीची सहा-आठ बाउन्सची वेज मिळाली तर दोन्ही ठिकाणी तीही चालवून पाहा. वर कोरड्या वाळूत ती खोल जाऊन अडकेल, खाली घट्ट वाळूवर स्वच्छ निघेल. घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका. आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे हे अजिबात करू नका. त्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालतात, तिथल्या वाळूला धक्का लावायचा नाही.

या फुगीर तळाचा जन्मच वाळूसाठी झाला. पूर्वी बंकरमधून धारदार पात्याच्या क्लबनेच खेळायचे आणि तो वाळूत रुतून बसायचा. अमेरिकेच्या जीन साराझेनने पात्याच्या मागे शिसं डाखून तळ जाड केला, मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आणली, आणि 1932 ची ब्रिटिश ओपन तो क्लब वापरून जिंकली. उड्डाणाच्या वेळी विमानाची शेपटी खाली गेली की नाक वर उचललं जातं, हे पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. तुमच्या हातातली वेज त्याच वाणाची आहे. तिचं काम मऊ वाळू आणि मऊ माती.

मिरगाचा पाऊस पडला की माती मऊ होते, गवत दाट येतं, तेव्हा 14 तुमच्या बाजूने असते. चतुर्थीनंतर ऊन वाढत जातं. मार्च-एप्रिलपर्यंत गवत विरळ होऊन माती भाजून निघते, आणि आतल्या भागात खाली जांभा असेल तर पातं दगडावर आपटल्यासारखं वाजतं. तिथे 14 तुमच्या विरुद्ध जाते.

मग करायचं काय? ही वेज विकू नका. बंकरसाठी आणि पावसाळ्यासाठी ती उत्तम आहे. एक बारीक गोष्ट मात्र सांभाळा. भर पावसात बंकरमधली वाळूसुद्धा बसून घट्ट होते. त्या वेळी पातं फार उघडू नका, कारण पातं उघडलं की बाउन्स आणखी वाढतो. उन्हाळ्यात ग्रीनच्या कडेला, मधे बंकर किंवा पाणी नसेल तर, 56 काढूच नका. पिचिंग वेज किंवा नऊ नंबर घ्या, बॉल थोडा मागच्या पायाकडे ठेवा, हात बॉलच्या किंचित पुढे, आणि पटसारखा, म्हणजे ग्रीनवर बॉल भोकाकडे लोटतो तसा, झोका द्या. बॉल थोडा उडेल, बाकीचं अंतर घरंगळत जाईल. टणक जमिनीवर हा सगळ्यांत भरवशाचा फटका. यासाठी एक रुपया खर्च नाही, महिनाभर हेच करून पाहा.

त्यानंतरही, मधे बंकर असताना उन्हाळ्यात बॉल उचलायला काहीतरी हवं असं वाटलं, तर 58 अंशांची, सहा ते आठ बाउन्सची, अरुंद तळाची वेज घ्या. काही वेजमध्ये तळ टाचेकडून घासून कमी केलेला असतो, त्याला ग्राइंड म्हणतात. पातं उघडलं तरी धार जमिनीजवळ राहते, टणक जमिनीवर त्याचा उपयोग होतो. कोणी सांगेल, आहे तीच वेज वाकवून घ्या. लॉफ्ट एक अंशाने कमी केला की बाउन्सही एक अंशाने कमी होतो हे खरं. पण तुमची 14 आठवर आणायची तर 56 ची 50 होईल. तेवढं वाकवू नये, आणि मी ते करूनही देणार नाही.

आणि शिकवणाऱ्यांना सांगा, ताईंच्या मानेला आता जरा मोकळं सोडा.

प्रश्न : माझं घर समुद्रालगत आहे. मोठ्या हौसेने विनाप्लेटिंगची, ज्याला रॉ म्हणतात ती वेज घेतली. एका पावसाळ्यात पात्यावर तांबूस गंज चढला. वेज बाद झाली का? खोबरेल लावलं तर चालेल?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : बाद मुळीच झालेली नाही. क्रोमचा मुलामा नसलेलं पोलाद गंजतंच, वेज विकणाऱ्यांनाही ते माहीत असतं. पात्यावरचा पातळ तांबूस थर खेळाला बाधत नाही. वाईट असतो तो साठलेला, खपली धरणारा गंज, कारण तो ग्रूव्हच्या, म्हणजे पात्यावरच्या खाचांच्या, कडा खातो. खारी हवा आणि ओलावा एकत्र आले की तो फार लवकर धरतो.

खोबरेल नको. ते काही दिवसांनी चिकट होतं आणि त्यावर माती बसते. शिलाई मशीनचं हलकं तेल फडक्यावर दोन थेंब घेऊन पुसा, आणि खेळायला निघताना पातं पुन्हा कोरडं करा, तेलाने बॉल घसरतो. खेळून आल्यावर गोडं पाणी, जुना टूथब्रश ग्रूव्हमधून, मग कोरडं फडकं. सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते ओल्या पिशवीसकट क्लब गाडीच्या डिकीत राहिल्यामुळे. जून ते सप्टेंबर क्लब पिशवीतून बाहेर काढून घरात पंख्याखाली ठेवत जा. स्टीलचा शाफ्ट आतून गंजतो तो दिसत नाही. क्लब हलवून आत खुळखुळ वाजलं तर दाखवायला आणा.

पुढची वेज घेताना मात्र क्रोमची घ्या. किनाऱ्यावर राहणाऱ्याला रोज एवढी निगा राखणं अवघड आहे, आणि खेळात तुम्हा-आम्हाला फरक जाणवणार नाही.

प्रश्न : ओळखीतले एक जण वापरलेली 54 ची वेज तीन हजारांना देतायत. नवी दहा हजारांच्या पुढे जाते. जुनी घ्यावी का? काय बघून घ्यावी?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जुनी घ्यायला हरकत नाही, मीसुद्धा घेतो. आधी तुमच्या पिचिंग आणि सँड वेजमधे 54 बसते का ते वर फोंड्याच्या वाचकांना सांगितलंय तसं पाहा. 48 आणि 60 असतील तर ती अगदी मधोमध बसते. 44 आणि 56 असतील तर फुकट मिळाली तरी उपयोगाची नाही.

मग पातं उजेडात तिरकं धरा. मधोमध, जिथे बॉल लागतो तिथे, रुपयाएवढी गुळगुळीत चकाकी दिसली तर ती वेज खूप बंकर खेळून आलेली आहे. वाळूच पातं झिजवते. ग्रूव्हवरून अंगठ्याचं नख वरून खाली ओढा. कडेला नख अडकतं आणि मधे सरळ घसरतं, तर मधले ग्रूव्ह गेले. अशा वेजचा बॉल कोरड्या गवतातून अजून बरा थांबेल, पण ओल्या गवतातून पात्यावरून सटकून पळेल, आणि आपल्याकडे चार महिने गवत ओलंच असतं. तळाची धार दगडाला लागून चेपली आहे का तेही बघा. मागच्या मालकाने लॉफ्ट वाकवून घेतलाय का ते विचारा, कारण वर कोरलेला आकडा तोच राहतो. नख मधे नीट अडकत असेल तर तीन हजार योग्य आहेत, घेऊन टाका. ग्रिप मात्र बदलावीच लागेल. आपल्या दमटपणात जुनी ग्रिप कडक आणि निसरडी होते, तिचा खर्च धरूनच भाव ठरवा.